पुडीबंदीचा ठराव

अप्पा, आज आपल्या गावानं पुड्या बंद केल्या! सुगंधी तंबाखू, वासाची सुपारी, सगळं. सरकारची बंदी कागदावर होतीच, पण आता गावात कुणीच पुडी विकायची न्हाई, असा ग्रामसभेत ठराव झाला. कंधारच्या बसमधून उतरले ती थेट शाळेच्या पटांगणातच गेले.

मतदान हात वर करून. आता आपले गडी तुम्हाला ठाऊकच. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं मळणं चालू. हात वर करायचा तर तंबाखू सांडते! बाकीच्यांची तोंडं भरलेली, नुसतं हूं हूं. सरपंचबाई भडकल्या. "आधी तोंडं रिकामी करून या, मगच मत धरते!" मग काय, अख्खी रांग भिंतीकडं थुंकायला, आणि बाया पदर तोंडाला लावून हसतायत. मलाही हसू आवरेना. पण धाकट्या भावाकडं बघायचं मी टाळत होते, कारण गावात सगळ्यात जास्त पुड्या आपल्याच दुकानात लटकतात, आणि दुकान आता धाकटा चालवतो. तो जवळ येऊन म्हणाला, "अक्का, सासरहून दुकान बुडवायला आलीस का?"

मी उठलेच. दवाखान्यातले तुमचे शेवटचे दिवस सांगितले. तोंडात चमचा जात नव्हता, दूध नळीनं द्यावं लागायचं. "माझ्या अप्पांना मी हात जोडून म्हणलं होतं, सोडा हे. ऐकलं न्हाई त्यांनी." मग मोजणी झाली आणि चार हातांनी जिंकलो, अप्पा! त्यात एक हात धाकट्याचा होता. बायांनी हलगी मागवली, म्हाताऱ्यासुद्धा नाचल्या. त्या गोंधळात धाकट्यानं मला गाठलं. डोळे लाल. "तू अप्पाला कधी म्हणलीस गं? मला कसं कळलं न्हाई?" मी हलगीकडं तोंड फिरवलं.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून इथं लिहून ठेवते. मी तुम्हाला एकदाही सोडा म्हटलं नव्हतं. रोज सकाळी पुड्यांच्या नव्या माळा मीच टांगायची. तुम्ही गल्ल्यावर बसून दातानं पुडी फोडायचा, आणि मी मुद्दाम तुमच्याजवळ सरकायची. गुलाबाचा वास यायचा. मला लई आवडायचा, अप्पा.