समाधी या शब्दाचा अर्थ

प्रिय वावटळ,

तू रुसून मावशीकडे गेलीस त्याला आता पंधरवडा होत आला. घर फार शहाण्यासारखे वागते आहे. माझ्या पूजेच्या वेळी कुणी दार धाडकन आपटत नाही. ही शांती मी ईश्वराजवळ अनेकदा मागितली होती. मिळाल्यावर कळले, ती मला नको होती.

जाताना तू म्हणालीस, "आजोबा, तुम्ही तोंड उघडलं नसतं तर मी आज संघात असते." बाळ, ते खरेच आहे.

शाळेच्या व्यायामशाळेत पडदा लावून धावपटूंची तपासणी चालली होती. डॉक्टरीणबाईंनी तुझे डोळे, गुडघे, रक्तदाब, सारे पाहिले. मग छातीला नळी लावून तुला उकिडवे बसवले, उभे केले, पुन्हा बसवले. "ही तपासणी आहे की शिक्षा?" असे तू विचारलेस तेव्हा त्या हसल्या, पण नळी काढली नाही. "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?" त्यांनी मला विचारले. मी नाही म्हटले, आणि वर अभिमानाने सांगितले की माझ्या थोरल्या बंधूंना मात्र ऐन पंचविशीत, धावता धावता समाधी लागली.

"समाधी म्हणजे नेमकं काय झालं, आजोबा?" बाईंनी विचारले.

आपल्या घरात हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. माझ्या वडिलांनी तो शब्द योजला, आईने त्याच्या आधाराने दुःख गिळले, आणि आम्ही तो इतक्या श्रद्धेने जपला की त्यामागे कोसळलेला एक तरुण देह होता, हेच विसरलो. मी प्रथमच साध्या भाषेत म्हणालो, "पडला, आणि उठला नाही." बुटाची नाडी बांधणारे तुझे हात थांबले.

बाईंनी ती नळी माझ्या कानांना लावून दिली. हृदयातील अनाहत नादावर मी आयुष्यभर निरूपणे केली. हृदय प्रत्यक्ष ऐकले ते त्या क्षणी. तुझ्या ठोक्यांमधून कुणी फुंकर घालावी तसा आवाज येत होता. पुढे मोठ्या रुग्णालयात हृदयाचा स्नायू जाड असल्याचे निघाले आणि तुझी शर्यत थांबली. हे दुःख मी लहान मानीत नाही. धावणे ही तुझी उपासना होती, आणि उपासना सुटल्याची तळमळ मी जाणतो.

तरीही मी रोज प्रार्थनेत त्या बाईंचे आभार मानतो, आणि तुझेही. हा विकार रक्ताच्या नात्यातून येतो, म्हणून आम्हा सर्वांना तपासले. माझ्यात तो नावापुरता आहे. तुझ्या बाबात मात्र तो तुझ्याहून कितीतरी वाढलेला निघाला. त्याला अधूनमधून भोवळ येई, ती आपण "पोट सुटलंय" म्हणून हसण्यावारी नेत होतो. परवा त्याच्या छातीत ठोके सांभाळणारे छोटे यंत्र बसवणार आहेत. तुला कळवू नका, असे त्याने बजावले आहे. त्याला वाटते, लेकीची धाव माझ्या रक्ताने हिरावली, आता कोणत्या तोंडाने तिला बोलावू?

त्याचा शब्द मोडून मी हे लिहितो आहे. त्या दिवशी तू तपासणीला उभी राहिलीस, म्हणून माझा मुलगा वेळेवर डॉक्टरांच्या हाती लागला. उद्या ये. त्याच्याशी भांड, रुसून बस, काहीही कर. पण ते त्याच्या शेजारी बसून कर.

तुझा ऋणी, आणि तू बोलली नाहीस तरी तुझाच,
आजोबा