तीनशे तेरावी गाठ

मंगळवार, १४ मार्च

खारूताईस आईचे अनेक आशीर्वाद.

तारीख मास्तरणीने घातली आहे. मला वार तेवढा कळतो. मास्तरीण म्हणजे तुझ्या दादाची मुलगी. तू गेलीस तेव्हा पाच वर्षांची होती, पुढचे दात पडलेले. आता सोळाची झाली. दात सगळे आले, वर जीभही आली. मी सांगते आहे, ती लिहिते आहे. ‘आजी, हळू’ म्हणून दोनदा दटावून झालं. सुरुवातीला ‘पत्रास कारण की’ असं लिहायचं असतं म्हणे. कारण थांबेल जरा. अकरा वर्षं थांबलंय.

खुशाली अशी की तुझ्या दादाचं पोट पुढे आलं आहे आणि केस मागे गेले आहेत. वहिनीने दुकानातलं काम सोडून शिवणाचं मशीन घेतलं. माझ्या सगळ्या झग्यांना आता खिसे आहेत, आत ठेवायला काही नाही. माझा डावा डोळा गेला. उजव्याने मला हवं ते दिसतं आणि नको ते दिसत नाही, तेव्हा तक्रार नाही.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर तू ‘हं’ म्हणतेस आणि ठेवतेस. कागदाला ‘हं’ म्हणून ठेवून देता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच.

तर झालं असं. मास्तरणीला शाळेत संख्याशास्त्र लागलं आहे. घरातल्या कशाचेही आकडे गोळा करा आणि त्यांचा ठिपक्यांचा आलेख काढा, असं बाईंनी सांगितलं. ही म्हणाली, मी प्रत्येकाच्या शर्टाला किती बटणं आहेत ते मोजते. तुझ्या दादाचे शर्ट मोजून झाले (एकालाही पूर्ण बटणं नाहीत) आणि बाईसाहेबांनी माझं कपाट उघडलं. एवढ्या मोठ्याने ओरडली की मला वाटलं, पाल पडली अंगावर.

“आजी, हे तू काढलंस?”

कपाटाच्या दाराची आतली बाजू. तुला काय सांगायचं, शाईची बाटली धरून तूच उभी राहायचीस. पण हिला पहिल्यापासून सांगावं लागलं. मला आकडे वाचता येत नाहीत. माझ्या सुईणकामाच्या हुकाच्या काट्यावर पाव पाव किलोच्या रेघा होत्या, तेवढ्याच रेघा मी दाराच्या तळाशी एका ओळीत ओढून घेतल्या. बाळ झालं की झोळीत घालून काट्याला लावायचं. काटा कितव्या रेघेवर थांबला ते ध्यानात ठेवायचं. घरी आल्यावर दारावरच्या त्या रेघेवर शाईच्या बोटाने एक ठिपका. तिथे आधीचा असला, तर नवा त्याच्या डोक्यावर.

“अगं, हाच तर तो आलेख! बाईंनी कालच शिकवला.”

“मग सांग तुझ्या बाईंना, उशिरा शिकल्या.”

त्या दिवशी आम्ही दोघी दारासमोर मांडी घालून बसलो आणि तिने मला माझंच दार शिकवलं. अकरा, बारा, तेरा रेघांवर हा एवढा उंच डोंगर. बहुतेक सगळी बाळं तिथलीच. मग उतार. उजव्या टोकाला एकोणिसाव्या रेघेवर एक ठिपका, एकटाच. मी म्हटलं, तो बेकरीवाल्याचा मुलगा. ते बाळ कसलं, चालतच आलं. डावीकडे सातव्या-आठव्या रेघेवर शिंप्याच्या जुळ्या. त्या आता हिच्याच वर्गात आहेत आणि हिच्याहून उंच. त्यांच्या डावीकडे काही नाही. कोरं.

“आणि जी बाळं गेली ती?” हिने विचारलं.

तीही आहेत, म्हटलं. नऊ आहेत. आलं ते मोजलं, असा माझा नियम. बाईंचाही तोच आहे म्हणे: एकूण एक निरीक्षणाला एक ठिपका, एकही गाळायचा नाही, नाहीतर सगळं चित्र खोटं बोलतं.

तुला हा नियम पाठ होता. सात वर्षांची होतीस. सुताराचं बाळ गेलं, त्या संध्याकाळी माझं बोट दारापाशी थांबलं. तर तूच म्हणालीस, “आई, लाव ना. आलं होतं ना ते?”

मास्तरणीने कागदावर आलेख काढायला घेतला. आता तुला माझा दोरा आठवत असेल. नाळ बांधायचा दोरा कापला की त्याच रिळाच्या दुसऱ्या टोकाला मी एक गाठ मारायचे, तिथेच, बाळंतिणीच्या पायाशी. माझी मोजदाद तेवढीच. हिने गाठी मोजल्या: तीनशे तेरा. ठिपके मोजले: तीनशे बारा. मी म्हटलं, तुला मोजता येत नाही. तिने परत मोजले. मी म्हटलं, चष्मा लावून मोज. स्टुलावर उभी राहून, एकेका ठिपक्यावर बोट ठेवत तिसऱ्यांदा मोजले, मान अवघडली पोरीची. तीनशे बाराच. मी म्हटलं, एखादी गाठ दोनदा पडली असेल, म्हातारीचे हात.

शेवटची बाळं काढली तेव्हा मी म्हातारी नव्हते. हात चांगले होते.

वही परत आली. आलेखाला शाबासकी, आणि खाली लाल शाईत: ‘एक निरीक्षण गहाळ आहे. कोणतं?’ मास्तरीण वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, लाल ओळीवर बोट ठेवून.

तर पत्रास कारण की, ती गाठ तुझ्या मुलीची आहे.

ही लिहायची थांबली. लिही गं. तुझ्या आत्याचंच आहे, तुलाही कळायला हवं.

त्या दुपारी तू दोनदा म्हणालीस, “आई, दवाखान्यात जाऊ.” शेजारचा टॅक्सीवाला गाडी चालू ठेवून दारात उभा होता. आणि मी म्हटलं, “सातव्या महिन्यातल्या खोट्या कळा मला शिकवू नकोस. तीनशे बारा काढली आहेत मी. पाणी पी आणि कुशीवर नीज.” टॅक्सीवाल्याला मीच परत पाठवलं. त्याला हसत म्हटलं, पहिलटकरणीला सगळंच पहिलं वाटतं.

बाई म्हणतात, डोंगर कुठे आहे ते खुशाल सांगा, पण त्यावरून पुढच्या एका ठिपक्याची पैज लावू नका. मला कोणी शिकवलं नव्हतं, असं म्हणून सुटता आलं असतं. पण दार माझं होतं. सातव्या रेघेवरची पोर मीच काढली होती. मला ठाऊक होतं की डोंगराबाहेरही बाळं असतात. फक्त माझ्या घरात असतील असं वाटलं नाही.

ती आली, आणि टॅक्सीवाल्याला बोलावून तो परत येईपर्यंत होती.

नवव्या दिवशी तू कपडे काढायला कपाट उघडलंस. दाराकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. “आई, तिचं वजन किती होतं?” आणि मी म्हटलं, “केलंच नाही.”

त्याच दुपारी तू बॅग भरलीस. टॅक्सीचं भाडं देऊ का, एवढंच मी विचारलं.

अकरा वर्षं तुला वाटलं असेल की सुताराचं बाळ मोजणाऱ्या आईने तुझं बाळ मोजणीत धरलं नाही. धरलं होतं गं. तोललं होतं. तू डोळे मिटून होतीस तेव्हा सवयीने हात झोळीकडे गेला. गाठही तिथेच मारली, तुझ्या पायाशी. घरच्या घरीच होते, कपाटाच्या दारापर्यंत चार पावलं. शाईत बोट बुडवून उभी राहिले. आणि कळलं की ठिपका तिथे पडला तर एकटा दिसेल, आणि जो कोणी कपाट उघडेल तो विचारेल, हिला दवाखान्यात का नाही नेलं? म्हणून बोट पुसलं. पदराला. तो डाग निघाला नाही, ते लुगडं मी कोणाला दिलं नाही.

त्यानंतर एकही बाळंतपण केलं नाही. लोकांना डोळ्याचं कारण सांगितलं. डोळा तर गेल्या वर्षी गेला.

पाचवी रेघ, खारूताई. सव्वा किलो. पाचव्या रेघेच्या किंचित पुढे होता काटा, केसभर. तेवढं मी तिच्या बाजूने धरलं होतं. केस होते तिला, काळेभोर, तुझ्यासारखे कपाळावर आलेले. हे तू विचारलं नव्हतंस, पण विचारलं असतंस.

आज सकाळी ठिपका लावला. जरा मोठा पडला आहे. सहावी रेघ रिकामीच आहे, तिला शेजार नाही. मास्तरणीने नव्या कागदावर आलेख उतरवला, तो सोबत ठेवते आहे. त्यावर तीनशे बाराच आहेत. तीनशे तेराव्यासाठी तिने पेन उचललं होतं, मी हात धरला. तो तुझा. लावलास तर कुठे लावायचा ते आता तुला ठाऊक आहे. नाही लावलास तरी कागद फाडू नकोस, बाकीच्यांनी काही केलेलं नाही.

ये असं म्हणत नाही. ते म्हणायचं तोंड मी त्या दुपारी टॅक्सीबरोबर पाठवून दिलं.

मास्तरणीचं नाक वाहतं आहे. अक्षर फिसकटलं असेल तर तिला बोल लावू नकोस.

सही मला येत नाही. शाईच्या बाटलीत बोट पुन्हा बुडवलं आहे, या वेळी पुसत नाही.

जिने तोललं आणि सांगितलं नाही,
ती तुझी आई

●