धुतलेल्या पिशव्या

कोलोन, शनिवार, १४ ऑक्टोबर २००६

पॅसिफिकमधल्या बेटावर खणून काढलेले गोगलगायींचे शंख निवडायला घरी आणले, हीच माझी चूक. प्रत्येक पिशवीवर मातीच्या थराचा नंबर होता. खालच्या थरांत रानातल्या गोगलगायी, वरच्या थरांत शेतातल्या. माणसांनी रान कधी तोडलं ते त्यावरूनच कळणार होतं. सासूबाईंनी सगळे शंख एका डब्यात भरले आणि पिशव्या धुऊन बाल्कनीत वाळत घातल्या. नंबर गेले.

"अगं, चांगल्या पिशव्या, फेकायच्या कशाला?"

"हो आई," म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आणि सोमवारी प्रोफेसरांना काय सांगू?

पिशव्या अजून दोरीवर हलतायत.

रान तोडताना आपण काय पुसून टाकतोय, हे त्या बेटावरच्या लोकांना कळायला हवं होतं, असं सकाळीच प्रबंधात ठणकावून लिहिलंय मी.