सप्तांग नमस्कार आणि विपक्षी क्रमांक एक

प्रेम नगर, झाँसी
गुरुवार

रा. रा. कमलाकरराव यांच्या सेवेशी,

आपला धाकटा साडू वामन याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणायची रीत म्हणून म्हटले. डावा हात अजून गळ्यात असल्याने सध्या सप्तांगच धरावा. उरलेले अंग प्लास्टर निघाल्यावर पाठवतो.) कुसुमताईंचे गुडघे, तुमची शुगर आणि नव्या गाडीचे नाक या तिघांची तब्येत आता सुधारली असेल अशी आशा आहे. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. जे ठीक नाही, त्यासाठीच हे पत्र.

आठ-दहा दिवसांत ग्वाल्हेरला तुमच्या नावे इथल्या कचहरीतून (म्हणजे कोर्टातून) एक कागद येईल. त्यात तुमचा उल्लेख ‘विपक्षी (आपल्याकडचा प्रतिवादी) क्रमांक एक’ असा असून तुम्ही गाडी बेपर्वाईने चालवल्याने माझा हात मोडला, सबब भरपाई मिळावी, असे मी मागितले आहे. तो कागद उघडण्याआधी हे पत्र वाचावे, आणि मुख्य म्हणजे कुसुमताईंनी रजनीला फोन करण्याआधी वाचावे. या दोघी बहिणींचे बोलणे पूर्वी एकदाच बंद पडले होते, तेही लोणच्याच्या बरणीवरून, आणि ते दोन वर्षे पुरले होते. (त्या दोन वर्षांत इकडचे निरोप तिकडे पोचवून तुमचा-माझा जीव किती दमला होता, ते आठवा.) बरणीला दोन वर्षे, तर कचहरीला किती, या हिशेबाने माझी झोप उडाली आहे.

झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. पण तुमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या बाजूच्या सीटवरून ते असे दिसले. गाडीची पूजा झाली, नारळ फुटला, चाकाखालचे लिंबू चिरडले, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी कशी पळते ते दाखवायला तुम्ही मला झाँसीबाहेर बिजौलीच्या बाजूला नेले. मी डोळे मिटून नामस्मरण करत होतो. त्यावरून तुम्ही माझी चेष्टा चालवली. “वामनराव, गाडीला ब्रेक आहेत हो, देवाला कशाला त्रास देता?” असे म्हणून माझा चेहरा कसा झाला ते बघायला तुम्ही मान वळवली, आणि तेवढ्यात एका कारखान्याच्या फाटकासमोर गिट्टीचा (आपल्या खडीचा) ढीग आला. ढीग जागचा हलला नव्हता, हे मात्र मी शपथेवर सांगेन.

भरपाईचे माझ्या मनातही नव्हते. पण आमच्या गुरुवारच्या भजनाला खरे वकील येतात. (आडनाव आपल्या मराठी लोकांसारखे असले तरी हे इथले कायस्थ, वकील असूनही खरे, यावर मी बरेच दिवस चिंतन केले आहे.) त्या गुरुवारी पेटी मीच वाजवत होतो, पण उजव्या हाताने नुसते सूर धरत होतो आणि भाता रजनी मारत होती. ती पोळ्या लाटण्याच्या लयीत भाता मारते, त्यामुळे संथ अभंगाला सुद्धा घाई सुटली. ते ऐकून वकिलांना राहवले नाही. “पंडितजी, गाड़ी में बैठने वाले की कभी गलती नहीं होती. आपका हक़ बनता है.” पन्नाशीला आलो, आजवर इतके दिलाशाचे वाक्य कोणी मला ऐकवले नव्हते. मी म्हटले, देवाने वाचवले हेच खूप. ते म्हणाले, देवाचे देवाकडे राहू द्या. साढूभाईंनी पूर्ण बीमा घेतला आहे, पैसे कंपनी देणार, त्यांचे फक्त नाव लागणार, आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. “भाड़ा तो नहीं दिया था?” असेही त्यांनी हळूच विचारले, कारण घरच्या गाडीत भाडे देऊन बसल्यास कंपनी हात वर करते. मी गाडीतल्या गणपतीपुढे एकशे एक रुपये ठेवले होते, तेही सांगून टाकले. यावर दोघांनी विचार करून ठरवले की ते भाडे गणपतीला दिले. आणि गाडी गणपती चालवत नव्हते.

मग पोलीस ठाणे. (इथल्या ट्रॅफिक पोलिसांच्या पाटीवर ‘यातायात’ असते. सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीला आलो तेव्हा ती वाचून मला वाटले होते, किती प्रामाणिक खाते!) बोलताना मीही ‘एक्सीडेंट’च म्हणतो, पण लिहायला बसलो की गावच्या शाळेतले गुरुजी पाठीशी उभे राहतात आणि शुद्ध शब्द आपोआप येतात. मी अर्जात लिहिले, “साढ़ूभाई पूरे रास्ते चेष्टा करते रहे और अंत में अपघात हो गया.” ठाण्यातल्या दीवानजींनी (म्हणजे हवालदारांनी) ते दोनदा वाचले, दार लोटून घेतले आणि मला पाणी दिले. “भैया, डरो मत. ज़मीन का झगड़ा है का?” इकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि अपघात म्हणजे घात, खून, हे मला तेव्हा समजले. म्हणजे साडू रस्ताभर प्रयत्न करत होते आणि शेवटी त्यांनी घात साधला! तुमच्यावर केवढे कलम लागणार होते, ते दीवानजींनी बोटाने दाखवलेसुद्धा. मी एका हाताने दोन्ही हात जोडल्यासारखे केले, तो अर्ज परत घेतला आणि ‘एक्सीडेंट’ लिहून दुसरा दिला. दीवानजी जरा हिरमुसले.

तेव्हा राग धरू नये. विम्याचे कागद कंपनीला कळवून तारखेला हजर राहावे.

आपला,
वामन
(अर्जात माझ्या नावापुढे ‘याची’ असे छापले आहे. इकडे त्याचा अर्थ अर्जदार. मी मात्र ‘याची’ म्हणजे कोणाची, ते बराच वेळ शोधत होतो.)

ता. क. मी नोकरी करतो त्या वर्कशॉपच्या ऑफिसात रद्द झालेला कागदही फाईलला लावायची आम्हाला सवय. त्यामुळे तो पहिला अर्जही मी वकिलांच्या फाईलला लावला, आणि तो त्यांनी न बघता जोडून दिला. तुमच्याकडे येणाऱ्या गठ्ठ्यात तो आहे. तुमच्या सुजयचे हिंदी फार चांगले आहे, म्हणून हात जोडून विनंती, की तो कागद कुसुमताईंना सुजयने वाचून दाखवू नये. तुम्ही वाचावा, आणि मराठीत वाचावा.

ता. क. २. तारखेला गाडी घेऊनच यावे आणि जाताना मला प्रेम नगरातून उचलावे. रिक्षाची मला आता भीती वाटते. कचहरीच्या अलीकडे उतरवा, म्हणजे वकिलांना दिसणार नाही. मी मागे बसेन. चेष्टा (मराठी) जरूर करा, पण मान न वळवता.