टाकी, तिचे मीठ आणि धाकटे दीर

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या व्यवसायातून निवृत्त झालेली बाई, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो देताना त्यांनी हसू नये अशी माझी अपेक्षा होती, ती काही पुरी झाली नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा भरीला पडून करत नाही. जन्मात मी कोणाचे ऐकले नाही, याला समोर बसून घड्याळाकडे बघणारे वकीलसाहेबही साक्ष देतील. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते. हेही रागातच करते आहे, पण विचार करून.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत जे असेल ते माझ्या मुलीला. भांडायला दुसरे कोणी नाही, हा एकुलतेपणाचा फायदा तिने मुकाट्याने घ्यावा. न्हाणीघराच्या दाराची कडी मात्र दुरुस्त करून घ्यावी.

कलम दुसरे. घासायचे यंत्र, मेणाच्या सुऱ्या आणि बाकीची हत्यारे कवळ्यांचे काम शिकवणाऱ्या संस्थेला द्यावीत. ज्या दंतवैद्याने माझ्या कामावर आयुष्यभर स्वतःची पाठ थोपटून घेतली, त्याला प्लास्टरचा एक जबडा द्यावा. तो त्याच्याच तोंडाचा साचा आहे. बढाई मारण्याआधी त्याने त्याच्याकडे एकदा बघावे. माझी स्वतःची कवळी माझ्या तोंडातच राहू द्यावी. बोळक्या तोंडाने मी कुठेही जाणार नाही.

कलम तिसरे. आता मुद्द्याचे. पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी, आतले जिवंत प्रवाळ, दोन मासे आणि एक आगाऊ कोळंबी यांच्यासह. ही टाकी मलाही मृत्युपत्रानेच मिळाली. माझ्या पतीने मला घर दिले नाही, कारण ते माझेच होते. त्यांनी मला समुद्र दिला. मला पोहतासुद्धा येत नाही.

दर रविवारी ते न्हाणीघरात टब मांडून पाणी कालवत. आधी गाळलेले पाणी, मग त्यात थोडे थोडे मीठ, आणि ढवळायला छोटा पंप. दुपारपर्यंत घरात कोणाची आंघोळ होत नसे. मी कटकट करत असे. ते गेल्यावर पहिल्याच रविवारी मीच टब मांडला, आणि पुढे कित्येक महिने अंथरुणातून उठायला मला तेवढे एकच कारण होते.

मिठाचे सांगते. बाजारात टाकीसाठी साधे मीठ मिळते, ते समुद्राच्या पाण्याच्या जवळ जाणारे. आणि एक ताकदीचे मिळते, त्यात कॅल्शियम वगैरे वरून घातलेले असते, प्रवाळ भराभर वाढावेत म्हणून. आमची टाकी शांत. मासे दोन, खाणे बेताचे. तिथे ताकदीचे मीठ म्हणजे पथ्यावरच्या माणसाला रोज मेजवानी. निवडताना डब्यावरचा रंगीत मासा बघू नये. भिजवून बघावे, पाणी नितळ होते का आणि तळाला पांढरा थर राहतो का. आमच्याकडे साधे ठरले ते ठरले.

माझे धाकटे दीर, निवृत्त औषधविक्रेते, यांना हे कधीच पटले नाही. स्वतःची टाकी नाही, मते मात्र भरपूर. भावाच्या हाताखाली वर्षानुवर्षे पाणी बदलायची नळी धरल्यामुळे प्रत्येक प्रवाळ त्यांना ओळखीचा. म्हणून गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जाताना मी घराची किल्ली त्यांच्याकडे दिली. त्यांनी ताकदीच्या मिठाने पाणी बदलले. वर उरलेले मीठ, मला न सांगता, माझ्याच डब्यात ओतून ठेवले. घरी आल्यावर मीही भाबडेपणाने तेच वापरत बसले. प्रवाळांची टोके पांढरी पडली. माझ्या पतीने आणलेला पहिला प्रवाळ अर्धा मेला. टबाच्या तळाला थर दिसला तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"वहिनी, दादाला हेच मीठ हवं होतं. तुम्हीच काटकसर केलीत," असे ते म्हणाले.

मी किल्ली काढून घेतली. तेव्हापासून आमचे बोलणे मुलीमार्फत चालते.

मुलीला टाकीबद्दल विचारले. "आई, मी विकून टाकीन गं. मला नाही जमायचं," असे ती सरळ म्हणाली. सरळ बोलली याचे कौतुक वाटले आणि रडूही आले. दुकानदार एकेक प्रवाळ सुटा करून विकेल. ते मला बघवणार नाही, मेल्यावरसुद्धा नाही. सबब ही टाकी सर्व सामानासह धाकट्या दिरांना.

वकीलसाहेबांनी मान वर केली. "आधीच्या मृत्युपत्रात ज्यांना 'चमचासुद्धा मिळू नये' असं लिहिलंय, तेच का हे?"

"तेच. दुसरं कोणी दिसतंय का तुम्हाला?"

मीठ त्यांनी हवे ते वापरावे. अट एकच. आधी माझ्या मिठात त्यांचे मूठभर मिसळावे आणि दर रविवारी थोडे वाढवत न्यावे. अचानक झालेला बदल प्रवाळांना सोसत नाही. मलाही सोसला नव्हता.

कलम चौथे. दिरांनी शिकायला आजच यावे.

"बाई, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं," वकीलसाहेब म्हणाले.

"मेल्यावर मी पंप उघडून कसा दाखवणार? फोन लावा."

पुरवणी. एवढे लिहून होईपर्यंत दीर आले. हातात पिशवी. आत साधे मीठ.

"हे काय, भाऊजी?"

"तुमचंच मीठ, वहिनी. ताकदीचं नको म्हटलं."

"का? तेव्हा तर मोठे शहाणे झाला होतात!"

"तेव्हा टाकी तुमची होती. आता माझी होणार. उगाच बिघडली तर?"

मी वकीलसाहेबांना हे कागद फाडायला सांगितले. त्यांनी ते पाठीमागे लपवले. मग मी दिरांना टब मांडायला लावला. नळी ते अजून भावासारखीच धरतात, बोट नळीच्या तोंडाशी लावून. मी पंप उघडून दाखवायला बसले.

किल्ली त्यांना आजच परत दिली आहे. मी मरायची घाई करणार नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

साक्षीदार पहिली: शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही)
साक्षीदार दुसरे: कडी दुरुस्त करायला आलेले सुतार (सही). कलम पहिल्यातला कडीचा मजकूर त्यामुळे रद्द.
मृत्युपत्र करणारी: (सही, ओल्या हाताने)
स्थळ: पुढची खोली, टाकीसमोर
दिनांक: या महिन्याचा दुसरा रविवार, पाणी बदलून झाल्यावर. आंघोळी व्हायच्या आहेत.