दोन्ही नावं एकाच बाईची

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
मृणालिनीचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या कानातलं यंत्र फोनवर शिट्टी मारतं म्हणून आपण पुन्हा पत्रांवर आलो, हे माझ्या पथ्यावरच पडलं. आज जे सांगायचंय ते फोनवर जमलं नसतं. तुम्ही मध्येच काय गं म्हणून विचारलं असतं आणि मी विषय भाजीवर नेला असता.

मी प्लेनोला राहायला येत नाही. तुमच्या ओजसने आणि सूनबाई रेणूने खालची खोली रंगवून घेतली, पडदेसुद्धा लावले, हे ठाऊक असून लिहिते आहे. सप्टेंबरात मी स्पेनला जाते आहे, व्हॅलेन्सिया नावाच्या शहरात. फिरायला नाही, राहायला.

सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या कॉन्फरन्ससाठी चार दिवस गेलो होतो, तेच शहर. हे दिवसभर भाषणं ऐकायचे आणि मी एकटी चालायची. तिथली नदी एका मोठ्या पुरानंतर वळवून गावाबाहेर नेली आहे. कोरडं पात्र तसंच ठेवून त्यात मैलोन् मैल बाग केली. जुने दगडी पूल मात्र जागच्या जागी. आपण त्यांच्या कमानींखालून चालत राहतो, वरून गाड्या जातात, आणि जिथे पाणी होतं तिथे झाडांची सावली हलत असते. मला वाटलं होतं, मी नदीच्या तळाशी आहे आणि इथे श्वास घेता येतो आहे. हे जाऊन तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत दुपारी पुस्तक छातीवर ठेवून डोळा लागला की मी तिथेच असते. एका पुलाखालून निघते, दुसऱ्यापर्यंत पोचायच्या आत जाग येते.

बाकी इथे बर्फ आहे. ह्यांची गाडी मीच चालवते, पण सीट अजून त्यांच्या मापावर आहे. पाठीशी उशी घेते. आमच्या राधिकाने रेडमंडहून आधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घे असं बजावलं. दोन दिवसांनी लेक स्वतःच व्हॅलेन्सियातल्या अपार्टमेंटच्या लिंक पाठवायला लागली.

तुम्ही रागवणार. रागवा, पण पत्र लिहून रागवा. माया आहेच, ती या एका पत्राने आटू देऊ नये.

तुमची,
मृणालिनी

---

प्लेनो, टेक्सस
२५ जानेवारी २०२५

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझा चेहरा बघून रेणूने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून गेली नाहीये, सप्टेंबरात जाणार आहे.

चौसष्ट वर्षांची बाई तू. तिथे तुझं कोण आहे? गणपतीला आरतीला टाळ्या वाजवायला चार माणसं मिळतील का? कढीपत्ता मिळतो का? गेल्या ऑक्टोबरात तिकडच्या पुराच्या बातम्या मी डोळ्यांनी पाहिल्या टीव्हीवर, आणि तू मला सांगतेस नदी गावाबाहेर नेली म्हणून. नद्यांना कोणी पत्ता बदलायला लावला तरी त्या ऐकतात असं मला वाटत नाही.

हेमूची शेवटची इच्छा वगैरे म्हणून जात असशील तर ऐक. हेमूचं असलं काही स्वप्न नव्हतं. तिथून आल्यावर माझ्याकडे तक्रारच केली होती त्याने. म्हणाला, ताई, रात्री दहाला जेवायला घालतात, आणि भात तळाशी करपवून तोच कौतुकाने वाढतात. रिटायर झालो की तुझ्याजवळ येतो, असं मात्र तो मला दर वर्षी म्हणायचा. खोली त्या भरवशावर होती. तो नाही, तर निदान तू येशील असं मी धरलं होतं.

खरं सांगू? ओजसला मामा आठवतो तो चॉकलेटं आणणारा. त्याच्याआधीचा हेमू, सायकलवरून पडून आईला न सांगणारा, कारल्याची भाजी खिशात भरून बाहेर टाकणारा, तो आता फक्त माझ्यापाशी आहे. आणि त्याच्यानंतरचा तुझ्यापाशी. तू समुद्रापलीकडे गेलीस की माझ्याजवळ अर्धाच भाऊ उरतो.

विचार कर. राग आहे, लोभही आहे, सध्या राग वर आहे.

तुझी,
शुभाताई

---

पिस्कॅटवे
९ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

कारल्याची भाजी खिशात! मला सांगायचे की लहानपणापासून आवडीने खातो. मी जन्मभर करून घातली.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. व्हॅलेन्सिया त्यांचं स्वप्न नव्हतं. तिथे त्यांचे पाय दुखले आणि भात त्यांना आवडला नाही. हे माझं आहे, वन्सं. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळपासून तीन वाजले.

माझं शिक्षण अकरावीपर्यंतचं. लायब्ररीत एकोणीस वर्षं परत आलेली पुस्तकं जागेवर लावली आणि लावता लावता वाचली, तेवढंच काय ते. कुठल्या विषयानंतर कुठला वाचावा हे कोणी सांगितलं नाही, गाडीवर जे येईल ते वाचलं. आता त्याच लायब्ररीतून स्पॅनिश मुलांची पुस्तकं आणते. एक बेडूक आहे, त्याला चष्मा हवा असतो. कांदा परतताना मी त्याचे धडे मोठ्याने म्हणते. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकलं आणि विचारलं, पाहुणे आलेत का? मी हो म्हटलं.

गणपतीचं काय करायचं ते तिथे गेल्यावर बघू. कढीपत्त्याचं बी घेऊन जाता येत नाही, हे मी आधीच विचारून ठेवलंय.

आता एक काम. ते फक्त तुम्हीच करू शकता. ह्यांची पेन्शन त्यांच्या मागे मला येते, म्हणून व्हिसाच्या कागदांत लग्नाचा दाखला जोडायचा आहे. दाखल्यावर माझं माहेरचं नाव आहे, प्रतिमा त्र्यंबक आठल्ये. लग्नानंतरच्या नावाचा रकाना त्या वेळी कोराच राहिला. पासपोर्टवर मृणालिनी. कागद तपासणाऱ्या वकीलबाई ऋता म्हणून आहेत, त्यांचा जन्म इथला. नवरी घरात आली की तिचं नावसुद्धा नवं ठेवतात, आडनाव नव्हे, नाव, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, म्हणजे कागदावर या दोन बायका आहेत. अमेरिकेत येताना बाबांनी प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं. ते आता सापडत नाही आणि बाबाही नाहीत. लग्नाला हजर असलेल्या माणसाने नोटरीसमोर लिहून द्यायला हवं की या दोघी एकच. मी एकेक चेहरा आठवून पाहिला. मिरजेच्या त्या मांडवातल्या मोठ्या माणसांपैकी तुम्हीच आहात.

मसुदा सोबत आहे. कॉन्सुलेटमधली माझी तारीख चार एप्रिलची. ती चुकली तर पुढची शरदाशिवाय नाही, आणि घर तर मेअखेर सोडायचं ठरलंय.

तुम्हाला माझं जाणं पटलेलं नाही आणि मी त्याच्यासाठीच तुमची सही मागते आहे, हे मला कळतं. तरी मागते.

लहान आहे, पदरात घ्यावं.

मृणालिनी

---

प्लेनो
२८ फेब्रुवारी २०२५

चि. मृणालिनीस,
आशीर्वाद.

इथे आताच उकडायला लागलंय. रेणूने अंगणात वाळवणाचा घाट घातला होता, वाऱ्याने साबुदाण्याच्या पापड्या शेजाऱ्याच्या पूलमध्ये नेऊन टाकल्या. शेजारी भला माणूस, त्याने जाळीने काढून परत आणून दिल्या. ओजस ऑफिसच्या कामाने दौऱ्यावर आहे. माझा गुडघा आहे तसा आहे. खालच्या खोलीत रेणू इस्त्री करते आता, पण पलंग काढू दिलेला नाही मी.

कागद मिळाला. बघते.

शुभाताई

---

पिस्कॅटवे
१० मार्च २०२५

ती. वन्संना,
नमस्कार.

पापड्यांचं वाचून हसले. कागदाचं वाचून हसू आलं नाही.

तुम्ही सही केली नाहीत तर मी रुसणार नाही, आणि राधिकालाही बोलू देणार नाही. प्लेनोला येईन, खालच्या खोलीत राहीन, तुमच्याबरोबर चहा पिईन. पण एवढं माहीत असू द्या की त्या खोलीत झोपलेली बाई दुपारी डोळे मिटले की घरात नसेल. अशी भावजय चालत असेल तर तसं कळवा. पंचवीस दिवस आहेत.

उत्तराची वाट पाहणारी,
मृणालिनी

---

प्लेनो
२१ मार्च २०२५

चि. मृणालिनीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

कागद सोबत आहे, सही-शिक्क्यासह. जपून ठेव, रेणूने दोन प्रती केल्यात.

आधी कबुली देते. महिनाभर तो पोळपाटाच्या ड्रॉवरमध्ये होता. माझी सही नाही तर तुझं जाणं नाही, असा साधा हिशेब मी केला होता. रोज पोळ्या लाटायच्या वेळी ड्रॉवर उघडायचा, कागद दिसायचा, आणि मला बरं वाटायचं. तुझं दहा तारखेचं पत्र आलं त्या दिवशी बरं वाटलं नाही.

पार्सलच्या दुकानात नोटरी बाई बसते. रेणू मला घेऊन गेली. बाईने हात वर करायला लावून विचारलं, प्रतिमा आणि मृणालिनी एकच, हे तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे का? रेणूने माझ्या कानाशी ओरडून तेच सांगितलं, रांगेतल्या सगळ्यांना कळलं. मी हो म्हणायच्या ऐवजी थांबले. रेणूला वाटलं ऐकू गेलं नाही, ती आणखी ओरडली. ऐकू गेलं होतं गं. मृणालिनीला मी बेचाळीस वर्षं ओळखते. प्रतिमाला मी एकच दिवस पाहिलं, आणि तेही दुपारपर्यंत.

तुला माहीत नाही ते सांगते. मृणालिनी हे नाव मी काढलं होतं. ताम्हणात तांदूळ पसरलेले, हेमूच्या हातात अंगठी. त्याने मान वळवून मला हळूच विचारलं, ताई, हिला विचारलंय का? मी म्हटलं, तिला काय विचारायचंय, इतकं सुंदर नाव आहे, लिही तू. तो तसाच बसून राहिला. शेवटी भटजींनी हटकलं, तेव्हा त्याने लिहिलं. तू मान खाली घालून तांदळांकडे बघत होतीस. मला वाटलं होतं लाजलीस. तू वाचत होतीस.

त्याने हे तुला कधी सांगितलं नसणार. माझी चहाडी त्याने आयुष्यात केली नाही.

मग मी हो म्हटलं आणि सही केली. खरं की खोटं, देव जाणे. एक माझी भावजय आहे. दुसरी बहुधा स्पेनला चालली आहे. तिला एकदा विचारायचं राहिलं, आता अडवत नाही.

गुडघ्याला तेल लावायला बसते. लोभ होताच, राग आता खाली गेलाय.

तुझी,
शुभाताई

---

व्हॅलेन्सिया
५ ऑक्टोबर २०२५

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर थोडंफार बोललो, पण शिट्टीच जास्त ऐकू आली. म्हणून सावकाश लिहिते.

तुमचं मार्चचं पत्र मी पोस्टाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून वाचलं होतं. त्याबद्दल आजवर लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल नवं काही कळायचं नाही, जे आहे तेच पुन्हा पुन्हा घासूनपुसून ठेवायचं, असं मी समजून चालले होते. आणि बेचाळीस वर्षांनी मला कळलं की ह्यांनी माझ्यासाठी विचारलं होतं. त्या दिवशी मी खूप रडले. पण ते रडणं वेगळं होतं, जरा ताजं.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दुपारी सगळी गल्ली खिडक्यांच्या पट्ट्या खाली ओढून झोपते आणि उजेड फरशीवर रेघारेघांनी पडतो. चारला उठून मी नदीत उतरते. लोक इथे तसंच म्हणतात, नदीत जातो. पहिल्या दिवशी एका पुलाखालून निघाले आणि दुसऱ्यापर्यंत चालत पोचले. जाग आली नाही. मग तिसऱ्यापर्यंत गेले. एका बाकावर बसून हे सोबत नाहीत याचं नेहमीसारखं वाईट वाटून घेतलं, आणि परत आले. दुःख इथेही आलंय, पण त्याला इथले रस्ते माहीत नाहीत, म्हणून ते माझ्या मागून चालतं.

भाजीवाली नीना म्हणून आहे. माझं स्पॅनिश ऐकून म्हणते, तू बेडकासारखी का बोलतेस. तो चष्म्याचा बेडूक तिच्याही नातीकडे आहे!

गेल्या आठवड्यात नगरपालिकेत नाव नोंदवायला गेले. फॉर्मवर दोन आडनावांचे रकाने, एक वडिलांचं, दुसरं आईचं. बाया लग्नानंतर काहीच बदलत नाहीत इथे. दुसरा रकाना परदेशी माणसाने रिकामा ठेवला तरी चालतो, असं खिडकीतल्या मुलीने सांगितलं. मी नको म्हटलं आणि लिहिलं, सहस्रबुद्धे. माझ्या आईचं. रकान्यात मावलं नाही, कडेने वर चढवावं लागलं. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिलं.

तिथून चालत येताना तुमचा विचार करत होते. माहेरी तुम्हाला सगळे बेबी म्हणायचे, ह्यांना तुम्ही ताई, सासरी शुभा. पण शाळेच्या हजेरीत तुमचं नाव काय होतं? तुम्ही मला विचारलं नाहीत म्हणून तुम्हाला टोचलं, आणि मीही बेचाळीस वर्षांत तुम्हाला कधी विचारलं नाही.

इथे इमारतीच्या दारात टपालपेट्या आहेत. पेटीवर ज्याचं नाव नाही त्याचं पत्र पोस्टमन परत नेतो. अमेरिकन पासपोर्टवर तीन महिने येऊन राहता येतं, त्याला कोणाची सही लागत नाही. ओजसशी मी बोलले आहे. लिफ्ट आहे, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही. कारल्यासारख्या आणखी किती गोष्टी तुमच्यापाशी आहेत त्या एकेक करून ऐकायच्या आहेत. माझ्याकडच्या मी सांगेन.

पेटीवरच्या पट्टीत दोन ओळींची जागा आहे. पहिलीत मी माझं लिहिलंय. दुसरीत काय लिहू, ते उलट टपाली कळवावं.

तुमची,
प्रतिमा मृणालिनी