शेवटच्या चारीचं पाणी

आप्पा, परवा आपल्या पाणी संस्थेची सर्वसाधारण सभा आहे आणि मी तिथं बोलणार आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, कशावर. विषय एकच आहे. घोडनदीवर तुम्ही सगळ्यांनी मिळून जी उपसा सिंचन योजना उभी केली, ती शिरूरच्या एका माणसाला चालवायला द्यायची. तो नवे पंप बसवणार, पाइपलाइन टाकणार आणि ज्याला परवडेल त्याला तासावर पाणी विकणार. तुमच्यानंतर सभासद म्हणून माझं नाव लागलं, त्यामुळे एक मत माझं आहे. आपलं रान पंपघराला लागूनच, म्हणजे नव्या व्यवस्थेत फायदा पहिला आपला. त्यामुळे मी ठरावाच्या बाजूनंच हात वर करणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं आहे. चेअरमननी तर मला विचारलंसुद्धा नाही.

माझी बारावी चालली होती तेव्हाची एक संध्याकाळ आठवते. आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून जेवताय आणि मी चुलीच्या उजेडात अर्थशास्त्राचं पुस्तक मोठ्यानं वाचतेय. पानावर दोन रकाने होते, एकीकडे भांडवलशाही, दुसरीकडे लोकशाही समाजवाद, खाली गुण आणि दोष. मला ते पाठ करायचं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, पाणी प्यालात आणि म्हणालात, "समदं खरं. पन ह्यात पानी कुनाला आदी, हे ठरवतं कोन? आन् त्याचं चुकलं तर जाब कुनाला इचारायचा?" मी चिडले. म्हटलं, आप्पा, परीक्षेत असलं काही विचारत नाहीत. तुम्ही बरं म्हणालात आणि हात धुवायला उठलात. त्या प्रश्नाला मार्क नव्हते, म्हणून मी तो तिथंच सोडून दिला.

संस्थेनं पाण्याच्या पाळ्या लावायचं काम तुमच्याकडे दिलं होतं. पंपघराच्या भिंतीवर तुम्ही खडूनं नावं लिहायचात. एकरभरवाल्याचं आणि चाळीस एकरवाल्याचं, दोन्ही सारख्याच अक्षरात. त्याच उन्हाळ्यात शेवटच्या चारीवरच्या, पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं त्या पाटावरच्या, काकी आपल्या दारात आल्या. पदरी एकर-दीड एकर रान, नवरा गेलेला, वाफ्यात कांद्याचं रोप. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजी, आज सोडा की पानी. रोपानं माना टाकल्यात." त्यांचा नंबर दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होता. तुम्ही म्हणालात, "वैनी, आज तुमाला मदीच सोडलं, तर उद्या मोठ्या बागाईतदाराला न्हाई म्हनायला मला तोंड ऱ्हाईल का? उद्याच्याला येतंयच पानी." काकी तशाच माघारी गेल्या. आई तुमच्यावर त्या दिवशी फार रागावली होती, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी पाणी त्यांच्या वाफ्यापर्यंत पोचायच्या आतच मोटार जळली. वाइंडिंगसाठी ती दौंडला न्यायची, पण त्याला कमिटीची मंजुरी लागत होती आणि निम्मी कमिटी लग्नसराईत अडकलेली. अकरा दिवस गेले. रोप जळून गेलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परवा ठरावाच्या बाजूचे लोक हेच सांगणार आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. शिरूरच्या माणसानं त्याच दिवशी दुसरी मोटार आणून बसवली असती.

पुढच्या सभेत तुम्ही उभे राहिलात. लोक तुम्हाला बोल लावणार नव्हतेच, तुम्ही नियमानं वागला होतात. तरी तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय. वैनी सांगत हुत्या, म्या ऐकलं न्हाई." आणि तुम्हीच ठराव मांडलात की दर पाळीत दोन तास कुणाच्याच नावावर लावायचे नाहीत, ज्याचं पीक अडलं असेल त्याला ते द्यायचे आणि कुणाचं अडलं आहे, ते शेवटच्या चारीवाल्यांनी ठरवायचं. चाळीस एकरवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण हात वर केला. त्यालाही मत एकच होतं ना.

मग मी शिरूरकडच्या कंपनीत लागले. ते दिवस मला फार आवडायचे, आप्पा, हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. संस्थेच्या सभेत बायका मागं सतरंजीवर बसायच्या आणि चहा आला की कप गोळा करायच्या. कंपनीत गळ्यातल्या कार्डावर माझं नाव होतं आणि मी नापास केलेला माल साहेबालासुद्धा पुढे पाठवता येत नसे. कुणाची पोरगी, कुठल्या भावकीतली, असं कुणी विचारलं नाही. काम चोख, पगार वेळेवर. तेव्हा मला वाटायचं, पुस्तकातला पहिला रकानाच खरा. तुम्ही गेलात, आणि त्यानंतर दोन वर्षांनी एका सोमवारी गेटवर कागद लागला की आमचा विभाग बंद. आम्ही चाळीस जणी गेटवर उभ्या. निर्णय कुणी घेतला, असं विचारलं तर वॉचमन म्हणाला, वरून आला. वर म्हणजे कुठं, हे त्यालाही माहीत नव्हतं. तुमचा तो प्रश्न मला त्या गेटवर आठवला आणि तुमचा रागच आला.

आता जे सांगायचं ते सांगते. मोटार जळली त्या दिवशी तुम्ही सकाळच्या एसटीनं पाटसला कारखान्यावर गेला होतात आणि आपल्या उसाला पाणी द्यायला दारं मी धरली होती. आपली वेळ दहाला संपत होती. मधले दोघं ऊस तुटून गेल्यानं मोकळे होते, त्यामुळे आपल्यामागं थेट काकीच होत्या. मी दहाला चारी मोडून पाणी त्यांच्याकडे वळवलं नाही. पलीकडच्या सऱ्या कोरड्या दिसत होत्या, बघायला कुणी नव्हतं, बारापर्यंत पाणी आपल्याच रानात ठेवलं. लाइट गेली असेल असं समजून काकी शेवटच्या बांधावर बसून राहिल्या. मी वेळेवर पाणी सोडलं असतं, तर मोटार जळायच्या आत त्यांचे वाफे भिजले असते. तुम्ही सभेत जी चूक पदरात घेतलीत, ती माझी होती. मी मागं सतरंजीवर बसून ऐकत होते आणि गप्प राहिले.

इतकी वर्षं मी हे नुसतं चोरी म्हणून मनात ठेवलं. ठराव वाचल्यावर त्याची दुसरी बाजू दिसली. पाणी विकत मिळायला लागलं, तर माझ्यासारखीनं दोन तास जास्त घेतले तरी ती चोरी ठरणार नाही, कारण काकींचा नंबरच कुठं लिहिलेला नसेल. मला ते नको आहे. संस्था ढिली आहे, चेअरमनच्या पाहुण्यांची रानं आधी भिजतात, मोटारीला मंजुरी मिळेपर्यंत पीक करपतं, हे सगळं मी परवा बोलणार आहे. दुरुस्तीला सभेची वाट बघायची नाही आणि कमिटीत शेवटच्या चारीवरची दोन माणसं, त्यातली एक बाई, हा माझा उलट ठराव आहे. तो पडला तरी पाणी विकायच्या ठरावाच्या विरोधातच माझा हात वर जाईल.

पण सभेच्या आधी, उद्या सकाळी, काकींकडे जायचं आहे. त्या अजून तिथंच राहतात, आता सून रान बघते. हे त्यांना सांगितल्याशिवाय त्यांच्या बाजूनं बोलायला मला तोंड नाही. खरं तर हे पत्र तुमच्यासाठी नाहीच, आप्पा. त्यांच्यासमोर वाक्य अर्ध्यावर तुटेल अशी भीती वाटते, म्हणून ते आधी अशा कुणाला तरी सांगून बघितलं, जो ऐकून उठून जाणार नाही.